एकाच नावाची दोन माणसं

ऊन त्या अंगणात कधी एकदम येत नसे. आधी ते बांधापलीकडच्या निष्पर्ण सागांत रेंगाळे, तिथल्या राखाडी फांद्यांना थोडा वेळ तांबूस करी, आणि मग काकडीच्या मांडवावरून, पानापानाच्या लवेवर क्षणभर टेकत, खाली उतरे. ठिबकच्या काळ्या नळ्यांवर पडले की ते ओले दिसे. रिकाम्या कॅरेटांच्या जाळीतून गेले की त्याचे चौकोन होत, आणि ते चौकोन सारवलेल्या जमिनीवर इतक्या सावकाश सरकत, की पाहणाऱ्याला आपणच मागे सरतो आहोत असे वाटे. पत्र्याला एक भोक होते. त्यातून आलेली किरणाची काडी भिंतीच्या चुन्यावर एक ठिपका टाकी. ठिपका आधी केशरी असे, मग हळदीचा होई, मग नुसताच पांढरा. हवेत अजून गारवा असे. दूर हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाजही या वेळी पाण्याखालून आल्यासारखा येई.

प्रज्वल बाजेवर पडून हे सगळे पाहत होता. त्याला ही घटका आवडे, कारण या घटकेत कोणी कोणाला काही विचारत नसे. वस्तू होत्या, पण त्यांची नावे अजून जागी झालेली नव्हती. मांडव म्हणजे नुसता हिरवेपणा, बादली म्हणजे नुसती चमक, आणि तो स्वतः म्हणजे नुसते दोन डोळे. असेच राहता आले असते तर, असे त्याला अनेकदा वाटे. पण ठिपका पांढरा झाला, आणि विहिरीच्या बाजूने आजीच्या बांगड्यांचा आवाज आला.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. आदिलाबादजवळच्या मावल्यातल्या माळ्यांच्या घराघरांत आज पितरांना पाणी द्यायचे होते. गयाबाई, म्हणजे आजी, कुंभाराकडून आणलेल्या कोऱ्या घागरी धुऊन पालथ्या घालत होती. दोन घागरी. एक तिच्या सासऱ्यांची, एक सासूबाईंची. चार आखाज्या झाल्या, तिसरी घागर तिने आणली नव्हती, आणि तिसरी आण असे तिला म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. तिच्या कपाळावर कुंकू होते, हातात हिरवा चुडा होता. चार वर्षांपूर्वी, साथीच्या त्या वाईट उन्हाळ्यात, आजोबांना घेऊन गाडी हैदराबादला गेली आणि रिकामी आली. जाळले ते तिथल्याच लोकांनी. राख नाही, कपडे नाहीत, एक फोन तेवढा आला. आजी म्हणाली होती, ज्याचे तोंड घरातल्या कोणी पाहिले नाही, त्याच्या नावाने मी कपाळ पुसणार नाही. ते कोणी पाहिले नव्हते, हे सगळ्या घराला ठाऊक होते. कारण आजोबांबरोबर फक्त प्रज्वल गेला होता, आणि त्यानेच तसे सांगितले होते.

प्रज्वल हे त्याचे घरातले नाव. कागदावर तो नागोराव लिंबाजी निकोडे. निकोड्यांकडे थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीत होती, आणि बापाचे नाव मधे येत असल्यामुळे एक पिढी टाकून तेच संपूर्ण नाव पुन्हा उगवत असे. नागोराव लिंबाजी, मग लिंबाजी नागोराव, मग पुन्हा नागोराव लिंबाजी. रहाटाची घागर खाली जाऊन वर यावी तसे. पण आजी नवऱ्याचे नाव घेत नसे. नातवाला हाक मारायची तरी कशी? म्हणून बारशालाच तिने त्याचे कानातले नाव बाजूला ठेवून प्रज्वल म्हणायला सुरुवात केली. अशा रीतीने त्या घरात नागोराव नावाची दोन माणसे राहत होती, आणि नागोराव हे नाव मात्र कोणाच्या तोंडी नव्हते.

ते नाव गेल्या आठवड्यात एका अनोळखी माणसाने मोठ्याने उच्चारले होते. प्रज्वल बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेत पास झाला होता. कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मार्कशीट पाहिली, जातीचा दाखला पाहिला, आणि मग संगणकाकडे पाहून तो हिंदीत म्हणाला की नागोरावजी, आपका क्रेडिट रिपोर्ट साफ नहीं है. एका फायनान्स कंपनीचे कर्ज तुम्ही बुडवले आहे. कंपनीचे ना-हरकत पत्र आणा, नाहीतर रिपोर्ट दुरुस्त करून आणा. त्याशिवाय रुजू करून घेता येणार नाही. रुजू व्हायची तारीख पुढच्या महिन्यात होती. प्रज्वलने आयुष्यात कोणाकडून रुपया उसना घेतला नव्हता. खरे तर कोणाकडून काहीच मागितले नव्हते. बसमध्ये खिडकीदेखील नाही.

उन्हे तापायच्या आत पाहुणे आले. बाजारहत्नूरहून चंद्रभागा आत्या आली, आंब्यांची पिशवी आणि तक्रारींचे गाठोडे घेऊन. नेरडीगोंड्याला हायवेवर अमरकाकांचे टायरचे दुकान होते; ते मोटारसायकलवरून आले आणि उतरता उतरताच त्यांनी विचारले की बँकेचे साहेब उठले की नाही. घागरी पाटावर मांडल्या गेल्या, त्यांवर आंबा ठेवला गेला, बाबांनी हात जोडले. पणजोबा आणि पणजी यांना पाणी मिळाले. आजोबांविषयी कोणी बोलले नाही, पण पाटावर तिसऱ्या घागरीएवढी जागा रिकामी राहिली होती, आणि सगळ्यांच्या नजरा तिला वळसा घालून जात होत्या.

जेवणाला अवकाश होता. आजी आणि आई चुलीपाशी पुरणाला लागल्या. बाकीचे ओसरीत बसले, आणि तिथे काकांनी तो विषय काढला.

काकांचे म्हणणे असे की चूक प्रज्वलचीच आहे. तो दिवसरात्र मोबाइलवर स्कोअर पाहत बसतो, आणि पाहिल्याने स्कोअर उतरतो, हे नेरडीगोंड्यात लहान पोराला माहीत आहे.

"काका," हर्षाली म्हणाली, "आरशात पाह्यल्यानं केस गळते का?"

काकांचा हात नकळत डोक्याकडे गेला, आणि आत्या पदर तोंडाला लावून हसली. हर्षाली ही प्रज्वलची धाकटी बहीण. आदिलाबादच्या कॉलेजात कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि भावाच्या वाट्याची बडबड तीच करीत असे. तिने काकांना समजावून दिले. आपला रिपोर्ट आपण कितीही वेळा पाहिला तरी त्याला धक्का लागत नाही. वर्षातून एकदा तर तो फुकट मागता येतो. आपण कर्ज मागायला गेलो, आणि बँकेने आपल्याबद्दल चौकशी केली, तर ती चौकशी मात्र लिहून ठेवली जाते. अशा चौकश्या फार झाल्या, तर हा माणूस दारोदार पैसे मागतो आहे असे समजून आकडा थोडा खाली येतो. आकडा तीनशेपासून नऊशेपर्यंत असतो. साडेसातशेच्या वर असला की बँका हसून बोलतात.

"म्हंजे पत्रिकेसारखं हाय म्हणा," आत्या म्हणाली. "आपण उघडली म्हणून गिऱ्हं हालत नाई."

"पत्रिकेत पुढचं असते, आत्या. याच्यात मागचं."

"अन् याचा आकडा किती?"

हर्षालीने तो सांगितला. पाचशेच्याही आत होता. काकांनी जीभ चावली. प्रज्वलने मान खाली घातली; जणू त्या आकड्यात त्याचे सगळे न बोललेले आयुष्य मोजले गेले होते आणि कमी भरले होते.

मग हर्षालीने रिपोर्ट वाचून दाखवला. वर नाव, बापाचे नाव, मावल्याचा पत्ता, मोबाइलचा नंबर. खाली एकच कर्ज. मोबाइल फोन घेण्यासाठी काढलेले, हप्त्याहप्त्याने फेडायचे. घेतल्याचा महिना त्या वर्षाचा ऑगस्ट, ज्या वर्षी कॉलेजे बंद पडून शिकवणे फोनवर आले होते.

बाबांनी डोळे मिटून घेतले. लिंबाजी निकोडे फार बोलणारा माणूस नव्हता. प्रज्वलचा अबोलपणा त्यांच्याकडूनच आला होता.

"तो फोन," ते म्हणाले. "बाबानं मले सांगतलं होतं, वांग्याचा भाव चांगला लागला म्हणून घेतला."

प्रज्वलला तो दिवस आठवत होता. आजोबा बाजारातून उशिरा आले होते. त्यांनी पिशवीतून आधी कोथिंबीर काढली, मग मिरच्या, आणि सगळ्यांत तळाशी ते खोके. शिक, म्हणाले होते. दुकानातल्या पोराने फॉर्म भरला असणार. आजोबांकडे पॅनकार्ड नव्हते, स्वतःचा फोन नव्हता. नंबर विचारला तेव्हा त्यांनी नातवाच्या जुन्या साध्या फोनचा सांगितला असणार. नाव तेच, बापाचे नाव तेच, पत्ता तोच, नंबरही नातवाचा. कुठल्यातरी यंत्राने हे सगळे जुळवून पाहिले, आणि दोन माणसांचा एक माणूस केला.

त्या कर्जाखाली महिन्यांचे छोटे चौकोन होते. हप्त्याला किती दिवस उशीर झाला, ते त्यांत लिहिलेले असते. पहिले सगळे चौकोन शून्याचे होते. आजोबा दर महिन्याला कोणाला न सांगता हप्ता भरून आले होते. आजोबा गेले त्या वैशाखानंतर शून्ये थांबली, आणि तीस, साठ, नव्वद असे आकडे वाढत गेले. शेवटी कंपनीने वसुलीची आशा सोडल्याचा शेरा. प्रज्वलने ही ओळ इतक्या वेळा पाहिली होती, की त्याला ती नाडीसारखी वाटू लागली होती. इथवर ठोका पडतो आहे, इथे चुकला. तरी पुढच्या महिन्यातही नाव आहे, त्याच्या पुढच्या महिन्यातही आहे. या घरात ज्याचे नाव कोणी घेत नव्हते, ते कुठल्यातरी थंड खोलीतले एक यंत्र दर महिन्याला न चुकता घेत आले होते. हा विचार मनात आला की त्याला विचित्र सुख होई. ज्याच्याकडून पैसे यायचे आहेत, तो कुठेतरी असलाच पाहिजे.

रक्कम फार नव्हती. काकांनी ती ऐकली, आणि त्यांच्या जिवात जीव आला. ते म्हणाले की एवढ्याशा पैशासाठी घर कशाला डोक्यावर घ्यायचे. एका ट्रकाच्या टायरात याच्याहून जास्त जातात. मी उद्या भरतो, विषय संपला.

विषय संपत नव्हता. हर्षाली कंपनीच्या ऑफिसात जाऊन आली होती. तिथली बाई तेलुगूत सांगत होती, आणि हर्षालीने तिला तीनतीनदा विचारून खात्री करून घेतली होती. पैसे भरले तरी ना-हरकत पत्र कर्जदाराच्या सहीशिवाय मिळणार नाही. कर्जदाराने यावे आणि सही करावी. कर्जदार वारला असेल, तर वारसाने मृत्यूचा दाखला आणावा. तो दाखला आणला की दोन्ही कामे होतील: कर्ज मिटेल, आणि ते दुसऱ्या नागोरावाचे होते हे सिद्ध होऊन रिपोर्टमधून निघून जाईल. तक्रार केल्यापासून महिनाभरात दुरुस्ती करून देतात.

आत्याचा चेहरा बदलला. ती आत चुलीकडे पाहून हळू आवाजात म्हणाली की हा कागद या घरात येणार नाही. माय बसली आहे तोवर नाही. ज्या दिवशी तो कागद उंबरठा ओलांडेल, त्या दिवशी तिचा चुडा फुटेल, आणि चुडा फुटला की ती उरणार नाही.

पुरणाची परात घेऊन आई, म्हणजे रंजीता, दारात आली होती. रंजीता कधी नणंदेला उलटून बोलत नसे. आज तिने परात खाली ठेवली.

"ताई, पोरगं पाच वर्सं अभ्यास करून राह्यलं."

"वहिनी, तुमाले पोराची नोकरी हाय. माह्या मायचं कपाळ हाय."

"मामीचं कपाळ मले नाई का?" आई म्हणाली; सासूला ती मामी म्हणे. "रोज सकाळी कुंकवाचा करंडा मीच देतो ना त्याहिले."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षे ज्या सणासुदीला एका पोळपाटावर लाटत आल्या होत्या, त्यांच्यामध्ये आता ओसरीभर अंतर पडले होते. बाबांनी काही बोलावे म्हणून आईने त्यांच्याकडे पाहिले. बाबा कॅरेटच्या एका सुटलेल्या पट्टीशी चाळा करीत होते.

आणि मग काकांना ती युक्ती सुचली. ती सुचताच ते इतके खूश झाले, की बाज सोडून प्रज्वलशेजारी येऊन बसले.

"अबे, कर्जदारानंच सही करायची हाय ना? मंग कर ना तू. नाव तुहं, बापाचं नाव तेच, गाव तेच, नंबरबी तुहाच. नागोराव लिंबाजी म्हणून जा, पैसे भर, सही ठोक, कागद घेऊन ये. खोटं काय हाय त्याच्यात?"

आत्याने लगेच मान डोलावली. आता ती आणि काका एका बाजूला झाले; जमिनीच्या वाटणीपासून ज्यांचे पटत नव्हते, ती भावंडे. आत्या म्हणाली की अमरला पहिल्यांदा अक्कल आली. कोणाला मारायला नको, कोणाचे कुंकू पुसायला नको.

प्रज्वलच्या मनात एक दार हळूच उघडले. आपण त्या ऑफिसात गेलो आहोत. बाई कागद पुढे करते. आपण लिहितो, नागोराव, आणि आजोबा लिहीत तसा 'ना'चा काना खाली लांब ओढतो. बाई शिक्का मारते. म्हणजे आजोबा आले, त्यांनी राहिलेले हप्ते भरले, आणि ते पुन्हा बाहेर उन्हात निघून गेले. कर्ज ज्याचे होते त्यानेच फेडले. कोणी मेले नाही. रहाटाची घागर वर आली, तिच्यात तेच पाणी. या चित्रात इतकी शांती होती, की आपण होकारार्थी मान हलवतो आहोत हे त्याला हर्षालीच्या आवाजाने कळले.

"दादा, वेडा झाला का तू? सही केली का कर्ज तुहं झालं. मंग बँकेत इचारतीन, चार वर्सं पैसे काऊन नाई भरले. काय सांगशीन? तो डाग पुसत नाई, नुसता वाळते. कित्येक वर्सं तिथंच दिसन."

"दिसू दे ना," तो म्हणाला. सकाळपासूनचे त्याचे हे पहिले वाक्य होते.

आईने त्याच्याकडे असे पाहिले, की त्याला पुन्हा मान खाली घालावी लागली.

काका म्हणाले की पोरगा तयार आहे, मग तुमचे काय जाते. आई म्हणाली की पोरगा कशाला तयार नसतो. त्याला विहिरीत उतर म्हटले तरी तो दोर मागणार नाही. आत्या म्हणाली की काही लोकांना बँकेतला मुलगा हवा आहे, घरातला बाप नको. आवाज चढले. तेव्हा बाबांनी ती पट्टी बाजूला ठेवली.

"सही नाई करायची," ते म्हणाले.

"पण दादा…"

"अमर, आयक. आज याचं अन् बाबाचं नाव एका कागदात मिसळलं, तर मशीनची चूक हाय. उद्या यानं सही केली, तर आपली चूक होईन. मंग माहा बाप कोणता अन् माहा पोरगा कोणता, हे मी कोणाले इचारू?"

आजोबा गेले तेव्हा काका नेरडीगोंड्यात अडकले होते. रस्ते बंद होते, आणि त्यांना भावाकडून फोनवरच कळले होते. हायवेला दुकान असूनही बापाची गाडी दुकानासमोरून कधी गेली ते त्यांना दिसले नव्हते. आता ते म्हणाले, मलाही एकदा त्यांच्या नावाने पाणी सोडावेसे वाटते, पण बोलायचे कोणी. आत्या त्यांच्याकडे वळून पाहू लागली, जणू दोघांनी धरलेल्या दोराचे आपले टोक त्यांनी सोडून दिले होते.

हर्षालीने तोवर हैदराबाद महापालिकेच्या मृत्यूनोंदींचे पान उघडले होते. नोंद तिथे असणारच, ती म्हणाली. दवाखान्यानेच केलेली असते, फक्त आपण कधी मागितली नाही. नाव, बापाचे नाव, तारीख भरली की सापडते. सापडली की मीसेवा केंद्रात जाऊन छापील प्रत घ्यायची. तिने फोन प्रज्वलच्या हातात दिला. तारीख तुलाच माहीत, ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

पडद्यावर पांढरा चौकोन होता. त्याच्या वर लिहिले होते: मृत व्यक्तीचे नाव. प्रज्वलने अक्षरे दाबायला सुरुवात केली. निकोडे. नागोराव. स्वतःचे नाव त्या चौकोनात एकेक अक्षर उमटताना पाहून त्याला आपण पातळ होत चाललो आहोत असे वाटले, पाण्यात पडलेल्या सावलीसारखे. ही दुपार, ही ओसरी, ही माणसे, सगळे कोणाच्यातरी आठवणीतले असावे, आणि तो कोणीतरी दुसराच असावा. लिंबाजी, असे त्याने लिहिले. तारखेपाशी त्याचा अंगठा थांबला. तारीख त्याला पाठ होती. अंगठा खाली जात नव्हता.

"काय दिसते?" काकांनी विचारले.

"काही नाही," तो म्हणाला. "रेंज नाही."

रेंज होती. हर्षालीने भावाकडे पाहिले, आणि फोन परत मागितला नाही.

आजी चुलीपासून उठून आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत पीठ लागले होते. घरातले सगळे आवाज तिने आत बसून ऐकले होते. ओसरी आणि चूल यांच्यामध्ये एक कुडाची तट्टी तेवढी होती. आत्या झटक्यात उठली आणि म्हणाली की माय, तू कशाला आली, काही नाही, अमरच्या दुकानाचे बोलत होतो. आजीने तिला हाताने बस म्हटले. मग ती प्रज्वलसमोर जमिनीवरच बसली, गुडघ्यावर हात ठेवून.

"सगळे बोलून राह्यले," ती म्हणाली. "तिथं होता हा एकटा, अन् हाच एक बोलून नाई राह्यला."

"माय, त्याले काऊन…"

"चंद्रे, चूप राह्य." ती नातवाकडेच पाहत होती. "मी तुले आजवर कधी इचारलं नाई. लिंबानं सांगतलं, तू असं म्हणाला. अमरनं सांगतलं, तू असं म्हणाला. तुह्या तोंडून मी आयकलं नाई. आयकायचं भ्याव वाटे मले."

प्रज्वलने फोन शेजारी पालथा ठेवला.

"पल्याडच्या गल्लीतली प्रतिभा मास्तरीण हाय ना, तिचा सासरा त्याच सालात गेला. ती म्हणत होती, नेण्याच्या आंधी एकदा तोंड दाखवतेत. दुरून, पण दाखवतेत. तिच्या मालकाले दाखवलं होतं." आजीने हातावरचे पीठ झटकले. "तुह्या नोकरीसाठी नाई इचारत मी. घागरीसाठीबी नाई. कुठं असंन, कोणाच्या दारात बसला असंन, पाणी कोण देत असंन, असं रोज मनात येते माह्या. रोज. म्हणून इचारतो. तुले दाखवलं का नाई?"

चुलीवर आमटीला उकळी फुटत होती. तिच्याकडे कोणी गेले नाही.

दवाखान्याच्या मागचे ते आवार त्याच्यासमोर आले. वर कडुलिंब होता, आणि त्याची पिवळी पाने सगळीकडे पडली होती. प्लास्टिकच्या निळ्या झग्यातला एक माणूस एका याद्यांच्या पुठ्ठ्यावरून नाव वाचत होता. नागोराव लिंबाजी, असे तो म्हणाला, आणि प्रज्वलने आधी हात वर केला, शाळेत करावा तसा. मग त्या माणसाने मळकट पांढऱ्या पिशवीची चेन थोडीशी उघडली. थोडीशीच, कपाळापासून हनुवटीपर्यंत. कोणीतरी केस ओले करून उजवीकडे विंचरले होते. आजोबा भांग डावीकडे पाडत. प्रज्वलने त्या केसांकडे पाहिले, आणि मनात म्हणाला की हे कोणी दुसरे आहे. बाहेर येऊन त्याने बाबांना फोन केला, आणि म्हणाला की तोंड दाखवले नाही. तेव्हापासून चार वर्षे तो त्या भांगावर जगत आला होता. नावांची गफलत झाली असेल. यंत्राने केली तशी माणसांनीही केली असेल. एकाच नावाचे लोक असतात, आमच्याच घरात दोन आहेत. रोज रात्री तो त्या भांगाला हातात धरून झोपे, आणि त्याच्या खालच्या चेहऱ्याकडे पाहत नसे.

आजी वाट पाहत होती. तिच्या कपाळावरचे कुंकू घामाने एका बाजूला किंचित ओघळले होते. ती रडत नव्हती. तिला नुसते कळायला हवे होते.

"दाखवलं होतं, आजी," तो म्हणाला. "आजोबाच होते."